गॅस भरायच्या आधी लीक शोध
अरे भावा, दर उन्हाळ्यात गाडीच्या एसीत नुसता गॅस भरत बसू नकोस, एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नसतो, कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोयच. आधी कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी), पाइपांचे जॉइंट, कॉम्प्रेसरचं सील इथं तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो का बघ, गॅसबरोबर तेलही बाहेर येतं ना. नाहीच दिसलं तर नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावायला सांग, तरी सापडेना तर बहुतेक डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल, ते मोठं काम. जॉइंट उघडला की ओ-रिंग (जॉइंटमधली रबरी रिंग) नवीनच हवी, ३० मिनिटं तरी व्हॅक्यूम मारायला, म्हणजे पंपाने आतली हवा न् ओल ओढून काढायला लाव, मग बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलाय तोच गॅस, आर-१३४ए असेल तर तोच, तेवढेच ग्रॅम. आणि प्लीज पाइप स्वतः सोडू नकोस, गॅस डोळ्यात उडाला तर फार वाईट.