बाळाचं नाव हातशेपसुत ठेवायचं का?

प्रिय चिऊ,

रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा फ्रिजवरची तुझी चिठ्ठी वाचली. "बाबा, मुलगी झाली तर तिचं नाव हातशेपसुत नाहीतर नेफरतिती ठेवू या ना. मराठी लोकांत असं चालतं का? आणि नाव आत्याच का ठेवते, मी का नाही?" तिन्ही प्रश्न नीट उत्तर द्यावं असे आहेत, म्हणून हे पत्र.

आधी नेफरतितीचं, त्या जुन्या इजिप्ती राणीचं. इथे बर्लिनच्या नॉयेस म्युझियममध्ये तू त्या काचेपुढून हलायलाच तयार नव्हतीस. जेमतेम अर्ध्या मीटरचा पुतळा, उजव्या डोळ्यात बुबुळ आहे, डावा डोळा कोराच. 1912 साली इजिप्तमधल्या अमार्ना इथे जर्मन संशोधकांना तो सापडला. त्यावर तिचं नाव कुठेही कोरलेलं नाही. माथ्यावरच्या उंच, सपाट निळ्या मुकुटावरून ती ओळखली गेली. तेव्हा तू विचारलं होतंस, "बाई नोफ्रेतेते म्हणतात, माझ्या इंग्रजी पुस्तकात नेफरतिती आहे, मग खरं काय?" मला त्या दिवशी सांगता आलं नाही, आता सांगतो. जुने इजिप्ती लोक स्वर लिहीतच नसत. समज, आपण काना, मात्रा, वेलांट्या सगळ्या पुसून टाकल्या. मग कमल, कमला, कोमल, कमाल हे सगळं "कमल"च दिसेल. तसंच तिचं. न, फ, र ही व्यंजनं दगडावर राहिली, मधले स्वर पुढच्या विद्वानांनी आपापल्या सोयीनं भरले. तिची आई तिला नेमकी कशी हाक मारत होती, ते आज कुणालाच ऐकू येणार नाही. मला हे फार लागून राहिलं.

कारण आपल्याकडे नाव आधी कानात पडतं, मग कागदावर जातं. तुझं बारसं याच घरात झालं. पाळणा मिळाला नाही म्हणून बेडरूमच्या दारातल्या व्यायामाच्या दांड्याला आजीच्या जुन्या नऊवारीची झोळी बांधली होती. बाहेर बर्फ, आत कुकरमध्ये घुगऱ्या शिजताहेत. एक मावशी झोळीच्या या बाजूला, दुसरी त्या बाजूला, आणि "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत तुला झोळीच्या खालून-वरून एकमेकींच्या हातात देत होत्या. मग आत्यानं वाकून तुझ्या कानात "कुर्रर्र" केलं, नाव सांगितलं आणि लगेच सगळ्यांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. तू रडली नाहीस, डोळे मोठे करून ऐकत राहिलीस.

आत्याच का? मला वाटतं, ती याच घरात जन्मली आणि लग्न करून दुसऱ्या घरी गेली. बाळाचं नाव ठेवायला तिला बोलावलं की या घरावर तिचा हक्क आहे हे सगळ्यांसमोर पुन्हा सांगितलं जातं. तुझी आत्या तेवढ्यासाठी रजा काढून विमानानं आली होती. इथला कायदाही आपल्या बाराव्या दिवसाच्या आड येत नाही बरं का. जन्माची नोंद आठवड्याच्या आत करावी लागते, पण नाव महिन्याभरात कळवलं तरी चालतं. आणि नाव परकं आहे म्हणून घाबरायचंही कारण नाही. एका कुटुंबाला मुलीचं नाव किरण ठेवायचं होतं. मुलगा की मुलगी ते नावावरून कळत नाही म्हणून नोंदणी कार्यालयानं नकार दिला. ते आईवडील इथल्या सर्वोच्च घटना न्यायालयापर्यंत गेले आणि 2008 च्या डिसेंबरात निकाल त्यांच्या बाजूनं लागला. आपलं साधं, घराघरातलं किरण!

आता हातशेपसुत. अर्थ "थोर स्त्रियांमध्ये पहिली". जवळजवळ साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिनं इजिप्तवर 20 वर्षांच्या आसपास राज्य केलं, देर अल-बहरीचं देऊळ बांधलं, दूरच्या पुंत देशाकडे जहाजं पाठवली. ती गेल्यावर, तिच्यामागून आलेल्या राजाच्या, तिसऱ्या थुतमोसच्या काळात तिचं नाव भिंतींवरून छिन्नीनं खरवडून काढलं. नाव पुसलं की माणूस पुसला, असं ते लोक मानत. नावाला ते "रेन" म्हणत, आणि हातपाय जसे माणसाचे तसंच रेनही माणसाचाच भाग.

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट इजिप्तचाच राजा तिसरा रामसेस याची. त्याला मारायचा कट त्याच्या अंतःपुरात शिजला. खटल्याच्या पपायरसमध्ये काही गुन्हेगारांची नावंच बदलून लिहिली आहेत. एकाचं नाव लिहिलंय मेसेदसुरे, म्हणजे "रे देव ज्याचा तिरस्कार करतो". मूळचं नाव मेरीरे, "रे देवाचा लाडका", असं असावं. मराठीत आपण "नाव ठेवणं" म्हणतो आणि "नावं ठेवणं"ही म्हणतो, दोन्हींतला फरक मी तुला मागे सांगितला होता. इथे त्यांनी खरोखरच नाव ठेवून नावं ठेवली.

आणि चिऊ, हे आपल्याकडेही झालंय. मुलगाच हवा म्हणून वाट बघणाऱ्या घरांत पुन्हा मुलगी झाली की तिचं नाव नकुशी ठेवायचे. नको असलेली. त्या मुलींनी गुन्हा काय केला होता? शाळेच्या हजेरीत रोज तेच नाव. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा 285 मुलींनी एका कार्यक्रमात आपली नवी नावं घेतली. आजी सातारची, म्हणून तेव्हा तिनं फोनवर ही बातमी मला वाचून दाखवली होती, आणि वाचताना मधेच थांबली होती. नाव ठेवायचा विषय निघाला की मला तो फोन आठवतो.

तर, चालतं का? चालतं. कोकणातल्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू लोकांचंच बघ. घरात मराठी बोलायचं आणि मुलाचं नाव मोझेस. हे नाव इजिप्ती "मोस"वरून आलं असं बरेच अभ्यासक मानतात. मोस म्हणजे जन्मलेला, थुतमोसमधला तोच. म्हणजे अलिबाग-रेवदंड्याकडे एक इजिप्ती शब्द पिढ्यान्‌पिढ्या जेवायला हाका मारताना वापरलं गेलंय.

तरीही रोजचं नाव म्हणून हातशेपसुतला माझा नकार आहे. आजीला त्यात शेपूची भाजीच ऐकू येईल, आणि जे नाव आजीच्या तोंडात बसत नाही, ते फोनवर हाक मारताना ती टाळायला लागेल. नेफरतितीचा अर्थ फार गोड आहे, "सुंदर स्त्री आली आहे". पण बर्लिनमध्ये तो चेहरा प्रत्येक मुलाला पाठ आहे. शाळेच्या पहिल्याच दिवसापासून आपल्या बाळाची त्या चेहऱ्याशी तुलना व्हावी, हे मला नको.

त्याऐवजी एक सुचवतो. नाइलच्या पाण्यात उमलणाऱ्या फुलाला जुन्या इजिप्ती भाषेत सेशेन म्हणत. तो शब्द हिब्रूत जाऊन शोशाना झाला, आणि त्यावरूनच पुढे इथल्या सगळ्या सुझाने झाल्या. ते फूल खरं तर आपल्या कुमुदाच्या जातीचं, पण लोक त्याला कमळच म्हणतात. आणि तुझ्या पणजीचं नाव होतं कमल. तू तिला पाहिलं नाहीस. मला ती दुपारी दळण निवडता निवडता पाढे म्हणायला लावायची.

आपल्या बाळाला पाळण्यात एकच नाव मिळत नाही. कुलदेवतेचं एक, महिन्याचं एक, नक्षत्राचं एक, शिवाय हाक मारायचं एक. फॅरोंना, म्हणजे इजिप्तच्या राजांनाही पाच नावं असत. तेव्हा हाक मारायचं नाव आत्या ठेवील. आईशी बोललोय मी, तिलाही पटलंय. आणि सेशेन हे पाळण्यातलं नाव तू ठेवायचं, दुसऱ्या कानात. आत्याला मी कळवतो, ती नाही म्हणणार नाही.

फक्त "कुर्रर्र"चा सराव कर. तुझा र अजून जर्मन र आहे, घशातून येतो. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे थरथरलं पाहिजे. आणि पाठीत धपाटे तुलाही बसतील, तयारीत राहा.

तुझा,
बाबा