लहान प्राण्याला दारू मोठ्यापेक्षा लवकर चढते का?

तुम्ही विचारलंय की पिल्लू, वयात येणारा आणि पूर्ण वाढलेला प्राणी, तिघांना दारू सारखीच चढते का. नाही. आणि फरक आपल्या समजुतीच्या उलटा आहे.

मी बेळगावच्या खानापूर तालुक्यात पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) मुलांना जीवशास्त्र शिकवतो. यावर सर्वात जास्त काम उंदरांवर झालंय. चार-सहा आठवड्यांचा उंदीर वयात येत असतो. वजनाच्या हिशेबाने मोठ्याइतकीच दारू त्याला दिली, तर तो मोठ्याइतका झोपून राहत नाही, त्याचा तोलही कमी जातो. थोड्या दारूने तर तो सोबत्यांशी जास्तच खेळायला लागतो. बघणाऱ्याला वाटतं, याला काही झालंच नाही. पण हौदात पोहत, पाण्याखाली दडवलेला चौथरा शोधायला लावला की खरं कळतं. १९९८च्या एका प्रयोगात ज्या मात्रेत मोठे उंदीर जागा शिकले, त्याच मात्रेत ही पोरं चुकत राहिली. सुस्ती कमी, पण स्मरणावर घाव जास्त.

त्याहून लहान वयात तर नुकसान कायमचं होतं. उंदराच्या पिल्लाचे पहिले आठ-दहा दिवस म्हणजे मेंदूच्या वाढीत माणसाच्या गर्भाचे शेवटचे तीन महिने. त्या दिवसांत दारू गेली तर तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूतल्या पेशी मरतात. मोठेपणी थेंबही न घेता असा उंदीर अडखळतो.

उन्हाळ्यात आमच्याकडे काजूची बोंडं खाऊन गुरं झोकांड्या खातात तेव्हा लोक म्हणतात, ‘झिंगायलीय बघ.’ तिथे दारूपेक्षा पोटात झालेल्या आम्लाचा संशय आधी धरा आणि डॉक्टरला बोलवा, जनावर दगावू शकतं.

माणसाच्या पोरांवर असे प्रयोग करता येत नाहीत, करूही नयेत. पण यात्रेत सोळा-सतरा वर्षांचं पोरगं पिऊन ताठ उभं राहिलं की आमचे काका-मामा पाठ थोपटतात, ‘पचवतंय की रे!’ तेव्हा मला ते उंदीर आठवतात आणि पोटात कालवतं. माझ्या चुलतभावाच्या मुलाचंही असंच कौतुक झालं होतं. सकाळी मी त्याला विचारलं, “रात्री घरी कुणी आणलं रे तुला?”

त्याला आठवेना. जांबोटीहून तो स्वतःच गाडी चालवत आला होता.