विचारा, सांगते : जंगलाला खत कोण घालतं?

प्रश्न : आमच्या गावच्या देवराईत कुणी कधी मूठभर खत टाकल्याचं ऐकिवात नाही, तरी झाडं आभाळाला टेकलीत. शेताला मात्र दरवर्षी युरिया लागतो. असं का? आणि देवराईतून येणाऱ्या पऱ्याचं (छोट्या ओढ्याचं) पाणी तपासलं तर त्यावरून काही कळेल का?
– एक वाचक, देवरूख

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यातच पहिल्याचं उत्तर आहे. पऱ्याच्या पाण्यावरून पुष्कळ कळतं.

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात हबर्ड ब्रुक नावाचं प्रायोगिक जंगल आहे. जीन लायकेन्स, हर्बर्ट बोरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये तिथे काम सुरू केलं. जागा हेरून निवडलेली. माती पातळ आणि तिच्याखाली पाणी न झिरपू देणारा कातळ. म्हणजे एका पाणलोटात, ज्या उतारांचं पाणी एकाच ओढ्याला मिळतं तेवढ्या भागात, पडलेला पाऊस एकतर झाडांवाटे, मातीवाटे हवेत जाणार, नाहीतर ओढ्याने बाहेर पडणार. प्रत्येक ओढ्याच्या तोंडाशी सिमेंटचा छोटा बांध आणि त्याला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच. खाचेतल्या पाण्याची उंची मोजली की किती पाणी गेलं ते कळतं. पावसातून किती नायट्रोजन, कॅल्शियम आलं ती जमा, ओढ्यातून गेलं तो खर्च. उभ्या जंगलात पाऊस जेवढा नायट्रेट आणि अमोनियम या पाण्यात विरघळणाऱ्या रूपांतला नायट्रोजन आणत होता, त्यापेक्षा ओढा कमीच नेत होता.

मग त्यांनी जे केलं, ते वाचताना मला आजही थोडं कसंतरीच होतं. १९६५ च्या हिवाळ्यात १५ हेक्टरांहून मोठ्या एका पाणलोटातली सगळी झाडं पाडली. लाकूड मात्र एक ओंडकाभरही बाहेर नेलं नाही. वाहनं फिरून जमीन खरवडली असती तर दोष झाडतोडीचा की चाकांचा हे कळलं नसतं. पुढचे तीन उन्हाळे तणनाशक फवारून तिथे काही उगवू दिलं नाही. पानं, फांद्या, खोडं सगळं जागेवरच पडून होतं. आपल्या हिशेबाने तर जमीन आणखी सुपीक व्हायला हवी!

झालं उलटं. ओढ्यातलं नायट्रेट कित्येक पटींनी वाढलं आणि लिटरला ४५ मिलीग्रॅम ही पिण्याच्या पाण्याची मर्यादाही ओलांडून गेलं. आपल्याकडेही मर्यादा तीच आहे. त्याच्याबरोबर कॅल्शियम आणि पोटॅशियमही वाहून गेलं. कारण असं : मातीतले जिवाणू पाचोळा कुजवून नायट्रेट तयार करतात, ते झाडं असोत-नसोत चालूच राहतं. उभ्या जंगलात मुळं ते लगोलग उचलतात. मुळं मेली की उचलणारं कुणी उरत नाही. नायट्रेटवर ऋण भार असतो. मातीच्या कणांवरही बहुतेक ऋणच, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. शिवाय ते बनताना आम्ल सुटतं, आणि ते आम्ल मातीच्या कणांना चिकटलेलं कॅल्शियम, पोटॅशियम सोडवून पाण्याच्या हवाली करतं.

तर तुमच्या देवराईला बाहेरून खत लागत नाही, कारण पडलेलं पान तिथेच कुजतं आणि त्यातलं अन्न त्याच मुळांकडे परत जातं. शेतातून तुम्ही दर हंगामाला भात घरी नेता, पेंढा गुरांना घालता. गेलेलं भरून द्यावंच लागणार. आपल्याकडे राबासाठी, म्हणजे भाताची रोपं करायची जमीन भाजायला, ऐन-किंजळाची कवळं (पानांसकट डहाळ्या) तोडून तरव्याच्या जागी भाजतात, तेही जंगलाचं अन्न शेतात आणणंच. राखेतून पोटॅशियम, कॅल्शियम मिळतं. नायट्रोजन मात्र बराचसा धुरावाटे जातो. मला तो पालापाचोळा कुजवलेलाच बरा वाटतो. अर्थात भाजल्याने तणाचं बी मरतं हा शेतकऱ्यांचा मुद्दा खोटा नाही.

हबर्ड ब्रुकला फवारणी थांबल्यावर पिन चेरीची रोपं दाटीने उगवली. तिचं बी मातीत वर्षानुवर्षं पडून असतं. वाहून जाणारं नायट्रेट पुन्हा अडवण्यात या भराभर वाढणाऱ्या झाडांचा मोठा हात होता. लायकेन्स यांच्या गटाला तिथल्या पावसात आम्ल सापडलं ते आणखी वेगळंच प्रकरण. त्याने मातीतलं कॅल्शियम इतकं घटवलं होतं, की १९९९ मध्ये एका पाणलोटावर हेलिकॉप्टरमधून कॅल्शियमयुक्त खनिजाच्या गोळ्या टाकून पाहिल्या. पुढे तिथली झाडं शेजारच्या पाणलोटापेक्षा जोमाने वाढली.

आता तुमचा पऱ्या. बाटली आधी त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. तसंच ठेवलं तर बाटलीतले जिवाणू नायट्रेटचा आकडा बदलून टाकतात. मृगाच्या पहिल्या सरीचा एक नमुना आणि श्रावणातला एक, निदान एवढे तरी घ्याच. आणि नुसत्या प्रमाणावर जाऊ नका. किती पाणी वाहतंय तेही हवं. पऱ्यावर मोरी असेल तर पाइपखाली बादली धरून ती किती सेकंदांत भरते ते लिहून ठेवा. भर पावसात मात्र तिथे उतरू नका.