पीएच.डी. करताना परिषदांना जाऊन खरंच काही मिळतं, की नुसतं सर्टिफिकेट?

दोन्ही मिळतं, फक्त एकाच ठिकाणी क्वचित. आणि "पहिल्यांदा बोलताना फजिती होते का?" असंही तुम्ही विचारलंय, तर माझी झाली होती.

मी कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे सपाट कातळी पठारांवर, पावसाळ्यात उगवणाऱ्या वनस्पतींवर काम करते. माझी नोंदणी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१६ च्या नियमांखाली झाली. त्यात प्रबंध देण्याआधी परिषदांमध्ये दोन पेपर सादर करणं सक्तीचं होतं. २०२२ च्या नियमांत ती सक्ती गेली. तरी तुमचं विद्यापीठ काय मागतं ते गाइडना विचारून ठेवा.

पहिला पेपर त्या सक्तीपोटीच. एका कॉलेजातली 'राष्ट्रीय' परिषद. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि मान्यवरांची मनोगतं यांत दुपार झाली. माझी पंधरा मिनिटं पाचावर आली आणि "मॅडम, फक्त कन्क्लूजन सांगा" असा हुकूम आला. वर स्लाइडवरची वनस्पतींची मराठी नावं तिथल्या कंप्युटरवर चौकोन चौकोन होऊन बसली. (तेव्हापासून मी पीडीएफच नेते.) समोर अकरा जण, त्यातले बहुतेक आपला नंबर कधी येतो याची वाट बघणारे. प्रश्न शून्य. जेवणातला मठ्ठा मात्र फक्कड होता, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या खेपेला बंगळूरला गेले. तिथे २०१० पासून स्टुडंट कॉन्फरन्स ऑन कॉन्झर्वेशन सायन्स भरते. सादरीकरणं विद्यार्थ्यांची, ज्येष्ठ मंडळी ऐकायला. मला भाषण नाही, पोस्टर मिळालं होतं, म्हणजे काम एका मोठ्या कागदावर मांडायचं आणि त्यापाशी उभं राहायचं. ए-झीरो आकार, म्हणजे साधारण ८४ बाय ११९ सेंटिमीटर. ते गुंडाळून ठेवलेली नळी उद्यान एक्सप्रेसमध्ये रात्रभर कुशीत घेऊन झोपले. समोरच्या काकांनी सोलापूर येईपर्यंत तीनदा विचारलं, "गळ आहे का गं?"

पोस्टरपाशी पहिला अर्धा तास कुणी थांबेना. सड्यावरच्या 'सीतेची आसवं' या फुलांचे निळे-जांभळे फोटो बघायचे, "सुंदर" म्हणायचं, पुढे जायचं. मग साध्या चपलांतले एक वयस्कर गृहस्थ आले. सगळं पोस्टर वाचलं आणि पद्धतीच्या चौकटीवर बोट ठेवून म्हणाले, "हा डबक्याचा काठ आखलास तेव्हा पाऊस उघडून किती दिवस झाले होते?"

माझ्याकडे नोंदच नव्हती. सड्यावर माती जेमतेम बोटभर असते. चार दिवस उघडीप मिळाली की डबकं निम्म्यावर येतं. म्हणजे मी ज्यांना 'काठावरच्या जाती' म्हणत होते, त्या आठवड्यापूर्वी पाण्यात उभ्या असतील. गाइड, समिती, मी स्वतः, कुणाच्याच हे डोक्यात आलं नव्हतं. कान तापले. पण ते गृहस्थ निघून गेले नाहीत. वहीचं पान फाडून त्यावर कुठे मोजायचं, किती दिवसांनी मोजायचं, ते काढून दिलं. वीसेक मिनिटं उभे होते.

पुढचा पावसाळा त्या कागदावर गेला. कातळात खुंटी जात नाही, म्हणून ऑइलपेंटने खुणा केल्या आणि दर फेरीला पाण्याची खोली मोजली. एक प्रकरण वर्षभर लांबलं. त्यावरून घरी काय काय ऐकलं ते इथे लिहीत नाही.

म्हणून माझं ऐका: निवड करता येत असेल तर सुरुवातीला पोस्टर घ्या, आणि तेही काम अर्धवट असताना, चूक दुरुस्त करायला एक पावसाळा हातात असेल तेव्हा. भाषण असेल तर बारा मिनिटांत संपवायची सवय करा, मोबाइलवर वेळ लावून आणि उभं राहून. बसून केलेली तालीम उभं राहिल्यावर आठवत नाही.

आणि एकदा का तुमचा ईमेल कुठल्या पेपरावर छापला गेला, की "आदरणीय प्रोफेसर" म्हणत परदेशात बीजभाषणाला बोलावणारी पत्रं सुरू होतील, नोंदणी शुल्क अर्थात तुम्ही भरायचं. मला हृदयरोगाच्या परिषदेचंही आमंत्रण आलं होतं. सरळ डिलीट करा.