‘डीप सिक्स’ हा अल्बम इतका कच्चा वाटतो, तरी जाणकार त्याला एवढं का मानतात?

तुम्ही लिहिलंय की निर्वाणा, साउंडगार्डन, पर्ल जॅम हे अमेरिकेतल्या सिएटलकडचे ग्रंज बँड ऐकून झाल्यावर कुणीतरी तुम्हाला ‘या सगळ्याचं मूळ’ म्हणून ‘डीप सिक्स’ हा अनेक बँडचा एकत्रित अल्बम सुचवला. तुम्ही तो दोनदा लावला आणि दोन्ही वेळा अर्ध्यातच बंद केला. आवाज पातळ, गाणी अर्धीमुर्धी, एका बँडचा दुसऱ्याशी मेळ नाही. मग एवढं कौतुक कशाचं, असा तुमचा प्रश्न आहे.

तुमच्या कानांचा दोष नाही. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मलाही तो असाच वाटला होता, आणि आज पंधराएक वर्षांनंतरही त्यातली चौदाच्या चौदा गाणी चांगली आहेत असं मी म्हणणार नाही. पण मध्ये कधीतरी मी यातली गाणी ऐकायचं सोडलं आणि माणसं ऐकायला लागले. तेव्हापासून हा अल्बम माझ्या अगदी जवळचा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, म्हणजे पुढचं नीट लागेल. ख्रिस हॅन्झेक आणि टीना कसाली या दोघांनी सिएटलमध्ये ‘सी/झेड’ नावाचं छोटं लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, सुरू केली. कसालीमधला सी, हॅन्झेकमधला झेड. १९८५च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यांनी आयर्नवूड स्टुडिओत गावातले आणि आसपासचे बँड रेकॉर्ड केले, आणि १९८६च्या मार्चमध्ये रेकॉर्ड बाजारात आली. लेबलची ती पहिलीच रेकॉर्ड. प्रती काढल्या २०००, आणि तेवढ्या खपवतानाही दमछाक झाली. इंग्रजी बोलीत ‘डीप सिक्स’ करणं म्हणजे एखादी वस्तू खोल पाण्यात फेकून देणं, आणि बँडही मोजून सहा: ग्रीन रिव्हर, मेल्व्हिन्स, मालफंक्शन, स्किन यार्ड, साउंडगार्डन आणि यू-मेन. त्या काळात सिएटलमध्ये सगळ्यात जास्त नाव होतं यू-मेनचं. त्यांचं इथे एकच गाणं आहे, तेही अगदी शेवटी.

निर्वाणा यात नाही. तो बँड तेव्हा जन्मालाच यायचा होता.

आता माणसं. मी स्वतः बास वाजवते, त्यामुळे माझं लक्ष आधी ठेक्याकडे जातं, म्हणून तिथूनच सांगते. साउंडगार्डनची यात तीन गाणी आहेत. सुरुवातीला ख्रिस कॉर्नेल ड्रम वाजवता वाजवता गायचा. १९८५मध्ये स्कॉट सुंडक्विस्ट ड्रमवर आला आणि कॉर्नेलला फक्त गाण्यासाठी मोकळीक मिळाली. म्हणजे इथे ऐकू येतो तो ड्रमवरून नुकताच उठून पुढे आलेला गायक. आवाज किती वर नेता येतो हे तो अजून चाचपून बघतोय, आणि ‘टिअर्स टू फरगेट’मध्ये तर गाण्यापेक्षा ओरडणंच जास्त आहे. (गिटारवर किम थायिल. त्याचे आईवडील केरळमधले, हे आपल्याकडे फार जणांना माहीत नसतं.)

त्याच रेकॉर्डवर स्किन यार्डची दोन गाणी आहेत आणि त्यात ड्रमवर मॅट कॅमेरॉन आहे. हाच कॅमेरॉन १९८६मध्ये साउंडगार्डनमध्ये गेला. पुढच्या वर्षी साउंडगार्डनचा ‘स्क्रीमिंग लाइफ’ हा छोटा अल्बम आला आणि त्यात ‘टिअर्स टू फरगेट’ पुन्हा रेकॉर्ड केलेलं आहे, या वेळी कॅमेरॉनबरोबर. माझी विनंती आहे की ही दोन्ही रेकॉर्डिंग एकामागोमाग एक ऐका. हेडफोन लावा आणि कॉर्नेलकडे लक्षच देऊ नका, फक्त स्नेअर, म्हणजे ड्रममधला तो कडक वाजणारा ड्रम, ऐका. पहिल्यात गाणं पुढे धावतं आणि ड्रम त्याला गाठायला बघतात. दुसऱ्यात ड्रम गाण्याला धरून ठेवतात, आणि त्या भरवशावर बाकीचे तिघं मोकळे सुटतात. आमच्या बँडमध्ये ड्रमर बदलला तेव्हा हे मी अनुभवलंय. गाणी तीच, सूर तेच, पण बास घेऊन उभं राहायला एकदम भक्कम जमीन मिळाली. साउंडगार्डनमध्ये हे कसं घडलं असेल त्याच्या दोन्ही बाजू ‘डीप सिक्स’वर आहेत: कॅमेरॉन नसलेलं साउंडगार्डन आणि साउंडगार्डनमध्ये नसलेला कॅमेरॉन. अशी संधी क्वचित मिळते.

स्किन यार्डकडे लोक सहसा दुर्लक्ष करतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. त्यांचा गिटारवादक जॅक एन्डिनो. १९८६मध्येच त्याने हॅन्झेकबरोबर ‘रेसिप्रोकल रेकॉर्डिंग’ हा स्टुडिओ चालू केला. वर सांगितलेला ‘स्क्रीमिंग लाइफ’ त्यानेच रेकॉर्ड केला, आणि निर्वाणाचा पहिला अल्बम ‘ब्लीच’सुद्धा तिथेच, ६०६ डॉलर १७ सेंटमध्ये. स्किन यार्डचा बासवादक डॅनियल हाउस याने पुढे ‘सी/झेड’ लेबलच हातात घेतलं आणि वर्षानुवर्षं चालवलं. म्हणजे या अल्बमवर दोन गाणी वाजवणाऱ्या बँडमधला एक जण पुढे गावाचं संगीत रेकॉर्ड करत राहिला आणि दुसरा ते लोकांपर्यंत पोहोचवत राहिला.

मेल्व्हिन्सची गाणी सगळ्यात जास्त, चार. हे मूळ सिएटलचे नाहीत, खाली अॅबर्डीन-मॉन्टेसानोच्या लाकूडतोडीच्या पट्ट्यातले. हार्डकोर, म्हणजे सुसाट वेगाचं पंक, वाजवणारी ही मुलं लय मुद्दाम ओढून धरायला लागली होती. १९८४मध्ये ब्लॅक फ्लॅग या हार्डकोर बँडने आपल्या ‘माय वॉर’ या अल्बमची दुसरी बाजू अशीच संथ आणि जड करून ठेवली होती, त्याचा परिणाम या सगळ्याच मुलांवर झालेला होता. ‘डीप सिक्स’ आला तेव्हा ‘द रॉकेट’ या सिएटलच्या मासिकातल्या आपल्या सदरात ब्रूस पॅव्हिटनेही हेच हेरलं, की संथ आणि जड, हाच आता इथला भूमिगत आवाज आहे. हाच पॅव्हिट पुढे ‘सब पॉप’ लेबलचा संस्थापक म्हणून नावारूपाला आला. मेल्व्हिन्सचा ड्रमर डेल क्रोव्हर १९८८च्या जानेवारीत निर्वाणाच्या डेमोवर, म्हणजे नमुन्याच्या रेकॉर्डिंगवर, वाजवायला बसला, आणि तो डेमो एन्डिनोनेच रेकॉर्ड केला. तुम्हाला अल्बममध्ये मेळ वाटत नाही, तो मेळ इथे आहे. माणसं या बँडमधून त्या बँडमध्ये जात-येत राहिली.

ग्रीन रिव्हरबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यांच्याविषयी सगळीकडे वाचायला मिळेल. गायक मार्क आर्मला पंक हवं होतं, गिटारवादक स्टोन गोसार्ड आणि बासवादक जेफ अॅमेंट यांना मोठ्या स्टेजचं रॉक. ती ओढाताण या दोन गाण्यांतही जाणवते. बँड १९८७मध्ये फुटला, एका बाजूने मडहनी हा बँड निघाला आणि दुसऱ्या बाजूने आधी मदर लव्ह बोन आणि मग पर्ल जॅम.

आणि मालफंक्शन. तुम्ही अर्ध्यात बंद केलात, म्हणजे ‘स्टार्स-एन-यू’ बहुतेक ऐकलंच नसेल. ते दुसऱ्या बाजूला आहे. हा सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावरचा बँड, दोघे भाऊ आणि एक ड्रमर. धाकटा भाऊ अँड्र्यू वुड गायचा आणि बासही वाजवायचा, चेहऱ्याला पांढरा रंग लावून, जणू समोर हजारोंची गर्दी आहे अशा थाटात. बाकीचे पाच बँड मान खाली घालून वाजवताहेत असं वाटत असताना हा मुलगा मनापासून नटतोय, आणि ते आवाजातच ऐकू येतं. मालफंक्शनचा स्वतःचा अल्बम त्यांच्या उमेदीच्या काळात कधी निघालाच नाही. ‘रिटर्न टू ऑलिंपस’ निघाला तो थेट १९९५मध्ये, गोसार्डच्या लेबलवर. तोपर्यंत वुडला जाऊन पाच वर्षं झाली होती. हेरॉइनच्या अतिसेवनाने तो १९ मार्च १९९० रोजी गेला, चोविसाव्या वर्षी.

कॉर्नेल आणि वुड एका घरात राहायचे. वुडच्या आठवणीत कॉर्नेलने गाणी लिहिली, आणि त्यातून ‘टेंपल ऑफ द डॉग’ हा अल्बम १९९१मध्ये आला. त्यात कोण आहे बघा: साउंडगार्डनचा कॉर्नेल, ग्रीन रिव्हरमधले गोसार्ड आणि अॅमेंट, स्किन यार्डमध्ये असलेला कॅमेरॉन. ‘डीप सिक्स’वरच्या तीन बँडमधले चौघं, चौथ्या बँडमधल्या मुलासाठी एकत्र आलेले. तो अल्बम तुम्ही बहुतेक ऐकलेला असेल. नसेल तर आज आधी तो ऐका, आणि लगेच ‘स्टार्स-एन-यू’ लावा. आवाज तेव्हाही पातळच वाटेल, पण मला नाही वाटत या वेळी तुम्ही ते मध्येच बंद कराल.