वाचकांचे प्रश्न: स्टाइलशीटमध्ये लागोपाठचे एलिमेंट एका गटात कसे आणायचे?

प्रश्न (निपाणी): आमच्या पतसंस्थेचा मराठी आणि कन्नड अहवाल एकाच एक्सएमएल फाइलमध्ये असतो. प्रत्येक परिच्छेदाला ‘भाषा’ हे ॲट्रिब्यूट आहे. दोन्ही भाषांचे फाँट वेगळे, म्हणून एकाच भाषेचे लागोपाठचे परिच्छेद एका चौकटीत घ्यायचे होते. एक्सएसएलटी (एक्सएमएलचे रूपांतर करणारी भाषा) स्टाइलशीटमध्ये गट करणाऱ्या ‘फॉर-ईच-ग्रुप’ला ‘ग्रुप-बाय’ लावले, तर सगळी मराठी वर आणि सगळी कन्नड खाली गेली.

उत्तर: ‘ग्रुप-बाय’ सारखी किंमत जिथे सापडेल तिथून गोळा करते, मधले अंतर पाहत नाही. तुम्हाला ‘ग्रुप-ॲडजेसंट’ हवे. ते आधीच्या एलिमेंटची की (गट ठरवणारी किंमत, इथे भाषा) पाहते आणि की बदलली की नवा गट सुरू करते. मराठी, मराठी, कन्नड, मराठी असा क्रम असेल तर ‘ग्रुप-बाय’ २ गट देते, ‘ग्रुप-ॲडजेसंट’ ३, आणि अहवालाचा क्रमही शाबूत राहतो. चौकटीची भाषा ‘करंट-ग्रुपिंग-की()’मधून घ्या. आतला मजकूर काढताना ‘अप्लाय-टेम्प्लेट्स’ला (टेम्प्लेट, म्हणजे एलिमेंट कसे छापायचे याचे नियम, लावणारी सूचना) ‘करंट-ग्रुप()’ हे सिलेक्ट द्यायला विसरू नका. ते राहिले तर प्रत्येक गटातला फक्त पहिल्या परिच्छेदाचा मजकूर उमटतो, बाकीचे परिच्छेद एररशिवाय गायब होतात. छपाईनंतर कळणारी चूक ही अशी.

एखाद्या परिच्छेदावर ‘भाषा’ नसेल तर की रिकामी राहते आणि एक्सटीटीई११०० ही एरर येऊन काम थांबते. गटासाठी नेमकी एकच किंमत लागते. भाषा वरच्या विभागावर लिहिलेली असेल तर की अशी द्या: स्ट्रिंग((ॲन्सेस्टर-ऑर-सेल्फ::*/@भाषा)[लास्ट()]). आतला कंस महत्त्वाचा आहे. तो काढला तर विभाग आणि परिच्छेद दोन्हींवरच्या किमती एकदम येतात, ‘स्ट्रिंग’ला एकच किंमत चालते, आणि एक्सपीटीवाय०००४ ही दुसरी एरर येते.

फाइलवर अनेकांचे हात फिरले असतील तर किमतीही तपासा. एकाने ‘कन्नड’, दुसऱ्याने हिंदी वळणाने नुक्ता देऊन ‘कन्नड़’, तिसऱ्याने शेवटी मोकळी जागा सोडून लिहिले, तर डोळ्यांना एकच दिसणारी चौकट तीन ठिकाणी तुटते. ‘नॉर्मलाइज-स्पेस’ने मोकळी जागा जाते, नुक्ता जात नाही. आमचे मत विचाराल तर ‘एक्सएमएल:लँग’मध्ये ‘एमआर’ आणि ‘केएन’ हे ठरलेले कोड वापरा.

प्रश्न (खानापूर): परिच्छेदांच्या मधे मधे सुटे ‘मुद्दा’ एलिमेंट आहेत. लागोपाठच्या मुद्द्यांची एक यादी करायची आहे. ‘ग्रुप-ॲडजेसंट’मध्ये ‘सेल्फ::मुद्दा’ लिहिले, तर एरर येते.

उत्तर: परिच्छेदावर ‘सेल्फ::मुद्दा’ रिकामे ठरते, म्हणून एरर. एरर नसती तरी की म्हणून मुद्द्याचा मजकूरच धरला गेला असता आणि प्रत्येक मुद्दा वेगळा पडला असता. ‘बूलियन(सेल्फ::मुद्दा)’ लिहा. की खरी असेल तर पूर्ण गटाभोवती यादी काढा, खोटी असेल तर गट जसाच्या तसा पुढे पाठवा.

तरीही प्रत्येक मुद्द्याची स्वतंत्र यादी झाली तर ‘फॉर-ईच-ग्रुप’च्या सिलेक्टमध्ये ‘नोड()’ आहे का बघा. दोन मुद्द्यांमधली नवी ओळ हाही मजकुराचा नोड असतो आणि तो गट तोडतो. तिथे ‘*’ (फक्त एलिमेंट) द्या. विभागात सुटा मजकूर असल्याने ‘नोड()’च हवे असेल तर ‘स्ट्रिप-स्पेस’ (नुसत्या मोकळ्या जागेचे नोड काढणारी सूचना) वापरा, पण नाव फक्त विभागाचे द्या. परिच्छेदाचे दिले तर ठळक आणि तिरप्या शब्दांमधली जागाही जाते आणि दोन शब्द चिकटतात.

प्रश्न (बेळगाव): आमच्या सर्व्हरवर ‘एक्सएसएलटीप्रॉक’ हा एक्सएसएलटी चालवणारा प्रोग्रॅम आहे. त्याला ‘फॉर-ईच-ग्रुप’ कळतच नाही.

उत्तर: ते एक्सएसएलटीच्या १९९९च्या १.० आवृत्तीवर चालते. गट करण्याची सोय २००७च्या २.० मध्ये आली. ‘सॅक्सन’ या दुसऱ्या प्रोग्रॅमची मोफत एचई आवृत्ती बसवता आली तर तोच सरळ मार्ग, ती ३.० सुद्धा चालवते.

नाहीच जमले तर शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जावे लागते. ज्या मुद्द्याच्या लगेच आधी मुद्दा नाही, त्याच्या टेम्प्लेटने यादी उघडावी, स्वतःला छापावे आणि ‘पुढे’ या मोडमध्ये (टेम्प्लेटच्या वेगळ्या संचात) ‘फॉलोइंग-सिब्लिंग::*[१][सेल्फ::मुद्दा]’ला बोलवावे. त्या मोडच्या टेम्प्लेटनेही छापून तसेच पुढे जायचे. बाकीच्या मुद्द्यांसाठी साध्या मोडमध्ये रिकामे टेम्प्लेट ठेवा, नाहीतर ते दोनदा उमटतील. ‘फॉलोइंग-सिब्लिंग::मुद्दा[१]’ असे मात्र लिहू नका. ते मधला परिच्छेद ओलांडून पुढच्या यादीतला मुद्दा उचलून आणते.