विमान बर्फावर उतरलं की हिमावर?

प्रश्न असा आहे: अंटार्क्टिकातल्या संशोधन-विमानांवरच्या लेखात कुठे 'हिमावर उतरले' तर कुठे 'बर्फावर उतरले' असं येतं. सगळीकडे 'बर्फ' केलं तर चालेल का?

नाही. इथे शब्द बदलला की विमानाचे पाय बदलतात. हिम म्हणजे वरून पडलेलं, आत हवा असलेलं, भुसभुशीत. त्यात चाकं रुततात, म्हणून स्की लागतात. जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेची 'पोलर 5' आणि 'पोलर 6' ही विमानं (मूळ डीसी-3, नवी टर्बोप्रॉप इंजिनं बसवून बासलर बीटी-67 झालेली) अशा हिमावर स्कीवर उतरतात. विमान उभं राहिलं की घर्षणाने हिम वितळून झालेलं पाणी पुन्हा गोठतं आणि स्की जागीच चिकटते, म्हणून खाली फळ्या सरकवतात.

बर्फ म्हणजे घट्ट, लादीसारखा. वाऱ्याने हिम झाडून नेलं की खालचा निळसर बर्फ उघडा पडतो. आपल्या मैत्री केंद्राशेजारच्या नोवो तळावर केपटाउनहून येणारं अवजड आयएल-76 विमान अशा बर्फावर थेट चाकांवर उतरतं. तिथे रुतण्याची भीती नाही, पण ब्रेक फारसे धरत नाहीत.

मजा अशी की फारसीत 'बर्फ' म्हणजे हिमच. लादीच्या बर्फाला तिथे 'यख' म्हणतात. मराठीत आल्यावर शब्द गोळ्याचा आणि लादीचा झाला. 'काश्मीरात बर्फ पडला' या बोलण्यात जुना अर्थ अजून टिकून आहे आणि तो चूक नाही. शास्त्रीय लेखात मात्र फरक पाळावा.

विमानातल्या रडारचंच बघा: खाली सोडलेली रेडिओलहर परत यायला किती वेळ लागला यावरून ते थराची जाडी मोजतं. घट्ट बर्फात रेडिओलहर मायक्रोसेकंदाला सुमारे 168 मीटर जाते, वरच्या हिमात त्याहून वेगाने. सगळा थर बर्फच धरून हिशेब केला तर जाडी साधारण 10 मीटरने कमी भरते.

'हिमनदी' आणि 'हिमनग' दोन्ही बहुतांशी बर्फाचेच, तरी ते शब्द रुळलेत. त्यांना हात लावू नये. अडचण येते ती मधल्या थराची, जिथे हिम दबत चाललंय पण अजून बर्फ झालेलं नाही. तिथे नवा शब्द घडवण्यापेक्षा सरळ 'दबलेलं हिम' लिहावं.